अंगण सरळ केले त्याची बखर

॥ श्री ॥

प्रथम नमन त्या देवास, जो एका पायावर उभा राहोन त्रिभुवनाचा तोल सांभाळितो, आणि दुसरे नमन त्या पायाखालील भुईस, जी इतकी युगे तुडविली जावोनही तक्रार करीत नाही. शके सतराशे अकरा, सौम्य नाम संवत्सर, माघमास, ते समयीं आमचे राज्यात नाना देशींच्या नर्तकांची थोर सभा भरली, आणि त्या सभेत जे घडले ते लिहोन ठेवावे ऐशी श्रीमंत महाराजांची आज्ञा जाहली. आज्ञा करिताना श्रीमंत बोलिले की, "आम्ही आयुष्यात दोन वेळा पडलो. दोन्ही वेळचे पडणे लिहा. एक लिहून एक गाळाल तर लेखणी काढून घेऊ." सेवकाने मान तुकविली. आता सेवक कोण, तर नाव सांगण्याजोगे नाही, हुद्दा सांगतो. सेवक दरबारचा वाहवानवीस. गाणे, बजावणे, नाच, जे काही दरबारात होईल त्यास योग्य जागी 'वाहवा' म्हणणे हे आमचे पिढीजाद काम. योग्य जागा कोणती हे आजोबांस ठाऊक नव्हते, वडिलांस नव्हते, आणि सेवकासही नाही. परंतु घराण्याचा आवाज खणखणीत, म्हणोन चाकरी टिकली. हुद्द्याचे शेवटी 'नवीस' आहे, तेव्हा लिहिता येत असेल ऐसे समजोन बखरही आम्हांवरच आली.

आमचे राज्य लहान, परंतु मते फार. इतर मुलखांत नाचणारे पुष्कळ आणि पारखी थोडके, आमचेकडे घरटी एक पारखी आणि नाचणारे घर साऱ्या राज्यात एकच. पोर पाळण्यात पाय झाडू लागले की आत्याबाई म्हणावयाच्या, टाच उशिरा पडली. ते एक घर सारजाबाईंचे. त्यांजकडे राज्याचा मूळ नाच चालत आला होता, त्यास ढाळ म्हणत. राजवाड्यापुढील अंगणास पूर्वी चांगला ढाळ होता, वरची बाजू देवडीस आणि खालची बाजू नदीच्या दरवाजास. नाचणारीने देवडीपाशी उभे राहोन कळशीभर पाणी ओतावे, पाणी उतारास लागले की मग पाऊल उचलावे, आणि पाण्याची धार जशी वळेल तसे वळत, ती जेथे अडेल तेथे अडत, तिच्या संगतीने खाली जावे. पाण्याच्या पुढे जावयाचे नाही आणि मागेही राहावयाचे नाही. पाणी हालल्यावाचून पाय हालवावयाचा नाही, हा पहिला नेम. आणि खाली पोचल्यावर ज्याच्या पायास पाणी लागेल त्याने, मग तो सरदार असो की पाणक्या, उठोन दोन पावले नाचावयाची, हा दुसरा नेम. ऐसा नाच कोणी बसविला, केव्हा बसविला, हे कोणास ठाऊक नाही.

पुढे ऐसे जाहले की, श्रीमंत महाराज तेव्हा युवराज होते, मिसरूड नुकते फुटले होते, आणि त्यांच्या मनात आले की ढाळ आपणही नाचावा. सारजाबाई तेव्हा तरण्या, त्यांनी शिकविले, आणि पाडव्याचे दिवशी भर दरबारात युवराज कळशी घेवोन देवडीपाशी उभे राहिले. पाणी ओतले, पाणी चालू लागले, आणि युवराजांस वाटले, पाणी फार सावकाश चालते, लोक कंटाळतील. मग ते पाण्याच्या पुढे धावले, आणि मागून येणाऱ्या पाण्यानेच त्यांची टाच गाठिली, आणि युवराज साष्टांग पडले, आणि पागोटे सुटोन गडगडत नदीच्या दरवाजापर्यंत गेले. हे पहिले पडणे. दरबार चिडीचूप. कोणी हसावे तर मान जाईल, न हसावे तर पोट फुटेल, ऐशी गत. इतक्यात आमचे वडील, जे तेव्हा वाहवानवीस होते, त्यांनी सवयीने खणखणीत 'वाहवा' म्हटले. युवराजांचे डोळे भरोन आले. तेव्हा कारभारी बाबाजीपंत पुढे येवोन बोलिले, "युवराज पडले नाहीत. अंगण वाकडे आहे." आणि सर्व सरदार एकमुखाने बोलिले, "वाकडे. फारच वाकडे." एकट्या सारजाबाई म्हणाल्या, "अंगन न्हाई वाकडं. धनी पान्याच्या म्होरं पळालं." ते कोणी ऐकिले नाही, आणि ज्याने ऐकिले असेल त्याने ऐकिले नाही ऐसे दाखविले.

नाचता येईना, अंगण वाकडे, ही म्हण सगळ्या मुलखात आहे. आमचे राज्यात मात्र त्याचे खाते निघाले. बाबाजीपंत अंगणप्रधान जाहले. ओळंबे आले, सपाटी मोजणाऱ्या पाणसळी आल्या, पाथरवट आले, आणि अंगण सरळ करण्याचे काम सुरू जाहले, ते दोन तपे चालले. उत्तरेची बाजू उचलावी तर दक्षिणेची खचलीसे वाटे, दक्षिणेची उचलावी तर मधोमध पोट सुटे. बाबाजीपंत देवाघरी गेले आणि चिरंजीव विसाजीपंत त्या जागी बसले. त्यांची दृष्टी ऐशी तयार की जेवताना पानातील वरण कोणत्या बाजूस वाहते हे पाहिल्यावाचून घास उचलीत नसत. काम चालू असता अंगणात पाय ठेवण्याची कोणास मनाई, म्हणोन सारजाबाईंचा नाच बंद पडला. श्रीमंतांनी त्या दिवसापासोन ना नाच पाहिला, ना त्याचे नाव काढिले. मग सारजाबाई आपल्या भाचीस, भिवरेस, पागेच्या मागील गल्लीत शिकवू लागल्या. ती गल्ली नदीच्या उतारापर्यंत तीव्र खाली जाते, वर घोडे, खाली धोबीघाट, मध्ये एक पिंपळ. पाण्याचे रांजण पागेत भरलेले असत, म्हणोन तेथे सोयीचे पडे, इतकेच कारण. आम्ही दरबारी लोक पागेच्या खिडकीत बसोन पाहत असू आणि म्हणत असू, बिचारीस गल्लीत नाचावे लागते, अंगण असते तर कसे दिसले असते! ऐसे म्हणणाऱ्यांत सेवकाचा आवाज सर्वांत मोठा होता.

भिवरा ही तेव्हा तिशीची, अंगाने सडपातळ, बोलणे थोडके. शेजारच्या राज्यांतील तमासगीर फडांनी तिला दोनदा बोलाविले, ती गेली नाही, म्हणाली, "मी गेले तर मावशीच्या कळशीखाली हात कोन धरील?" सारजाबाईंचे गुडघे आता कुरकुरत होते, आणि एकदा तरी अंगणात ढाळ नाचोन कळशी सर्वांदेखत भिवरेच्या हाती द्यावी, मग डोळे मिटले तरी चालेल, ही एकच इच्छा त्यांस राहिली होती. नेमच ऐसा की कळशी एकीकडून दुसरीकडे नाचतानाच द्यावयाची, घरात बसोन दिली तर ती दिली ऐसे होत नाही.

अशा समयीं समुद्रापलीकडील एका थोर राणीसाहेबांचा वकील दरबारी आला. राणीसाहेबांस नृत्याचे विलक्षण वेड. त्या नाना देशींचे नर्तक संगतीस घेवोन पृथ्वीपर्यटन करीत, ज्या राज्यात उतरत तेथे सभा भरवीत, आणि त्यांचा रिवाज ऐसा की पाहुण्यांचे नाच जाहल्यावर शेवटी यजमानाने आपले नृत्य दाखवावे. यजमानापाशी स्वतःचे नृत्य नसेल तर राणीसाहेब उदार अंतःकरणाने आपल्यापैकी एक नृत्य त्या राज्यास आंदण देत, शिकविणाऱ्यासकट, आणि मग तेच त्या राज्याचे नृत्य म्हणोन जगात मिरवे. मसलत बसली. विसाजीपंत बोलिले, "आंदण घ्यावे हे उत्तम. एक नाच चवड्यावर उभे राहून करतात असे वकील सांगतात. त्यास अत्यंत सपाट जमीन लागते. ती आपल्यापाशी आहे." सरदारांनी माना डोलविल्या, कारण आंदणाचा नाच म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. श्रीमंत मात्र म्हणाले, "सारजाबाईंस बोलवा."

सारजाबाई आल्या, मुजरा केला, आणि सर्व ऐकोन घेतल्यावर म्हणाल्या, "मला अंगन द्या. मी नाचते."

विसाजीपंत म्हणाले, "आणि न जमल्यास?"

"न जमाया काय झालं?"

"न जमल्यास आंदण घ्यावे लागेल, बाई. मग ढाळ बंद. एका राज्याचे दोन नाच राणीसाहेबांस चालत नाहीत. कळशी जामदारखान्यात मानाने ठेवू, रोज फुले वाहू."

"पानी नसलं तर ती कळशी निस्तं भांडं हाय, पंत. भांड्याला फुलं व्हायची आन् हिनं," भिवरेकडे हात करोन त्या म्हणाल्या, "हिनं काय करायचं? चवड्यावर हुबं ऱ्हायचं?"

भिवरा भुईकडे पाहत राहिली. श्रीमंतही भुईकडेच पाहत होते. मग ठरले ऐसे की ढाळ जाहला तर राज्याचा नाच ढाळ, न जाहला तर आंदण. सारजाबाईंनी तालमीसाठी अंगण मागितले, परंतु शेवटच्या फरशा घोटोन आरशाऐशा करण्याचे काम चालू होते, सभेपूर्वी कोणाचे पाऊल पडू देणार नाही ऐसे पंतांनी निक्षून सांगितले. बाईंनीही हट्ट धरिला नाही. अंगण ते अंगण, ऐसे त्यांस वाटले. त्यात काय बदलायचे होते!

माघ शुद्ध पंचमीस सभा भरली. अंगण ऐसे जाहले होते की सरदारांनी वाकोन आपापल्या मिशा त्यात पाहोन घेतल्या. राणीसाहेब वयस्क, काठी टेकीत आल्या, श्रीमंतांच्या शेजारी बसल्या, आणि सभा सुरू जाहली. प्रथम हिंदुस्थानच्या उत्तरेकडील कथक नाचणारी आली, पायांत घुंगरे इतकी की घोड्यासही जड व्हावी, आणि तबल्याने जे बोलावे ते तिच्या पायांनी बोलावे, आणि गिरक्या घेता घेता सर्वांनी मिळोन समेवर पोचावयाचे होते, तेथे सेवक 'वाहवा' म्हणोन एकटाच आधी पोचला. मग दक्षिणेकडील भरतनाट्यमवाली आली, ती गुडघे दोहों बाजूंस वाकवोन अर्धी बसलेली ऐशी उभी राहिली. विसाजीपंतांस वाटले, पाहुणीस बसावयास नाही, आणि त्यांनी धावत पाट आणविला. ती हसली आणि आणिक थोडी खाली बसली. मग कथकलीचे एक बुवा आले, मुखावर हिरवा रंग आणि कमरेस घेरदार झगा, त्यांनी पाय जागचा न हालविता नुसत्या डोळ्यांनी एक अखंड भांडण सांगितले, आणि ते डोळे देवडीवरील नाईकाकडे वळले तेव्हा नाईकाने उठोन, न केलेली चोरी कबूल केली. मग स्पेन देशीची एक बाई आली. तिची विद्या फ्लेमेंको. तिने टाचांनी फरशीशी ऐसा कडाक्याचा वाद घातला की प्रत्येक टाचेस विसाजीपंत छातीवर हात ठेवीत, आणि नाच संपल्यावर त्यांनी फरशी हाताने चाचपोन पाहिली. मग चवड्यावर उभी राहणारी बॅलेवाली आली, जी आंदणास नेमिली होती. खरे बोलावे तर ती फार गोड नाचली; फडताळाच्या वरच्या खणातील लोणच्याची बरणी काढताना माणूस जितका उंच होतो तितकी ती उगीचच उंच होई, आणि तेथेच राही. मग दक्षिण समुद्रीच्या बेटांवरील माओरी लोकांनी हाका नावाचा नाच मांडिला, मांड्या बडविल्या, डोळे वटारिले, जिभा बाहेर काढिल्या, तेव्हा सेनापतींनी दरवाजे लावविले आणि तलवार उपसिली. दुभाषाने सांगितले की, हा यजमानाचा सन्मान आहे. सेनापती ओशाळले, तलवार म्यान केली, आणि मग कानाशी लागोन विचारते जाहले की, "हे शिकायला किती दिवस लागतात?" मग जपान देशीचे एक मुखवटा घातलेले गृहस्थ आले, ते इतके सावकाश चालत की चालतात की नाही हा वाद मागच्या बाकांवर लागला. सेवकाने आरंभीच 'वाहवा' म्हणोन टाकिले, आणि त्यांचे दुसरे पाऊल पडले तेव्हा ती वाहवा, आयुष्यात प्रथमच, बरोबर जागी पडलीसे लोक म्हणाले. शेवटी दरवेशी फकीर आले, पांढरे घोळदार झगे, एक हात आकाशास आणि एक भुईस, आणि ते गिरकी घेवो लागले, घेतच राहिले. येथे वाहवा म्हणू नये इतके सेवकासही कळले.

मग पुकारा जाहला की, आता यजमानांचे नृत्य. सारजाबाई हिरवे लुगडे नेसोन देवडीपाशी उभ्या राहिल्या, मागे भिवरा. जे पाऊल दोन तपे त्या अंगणात पडले नव्हते ते पडले, आणि बाईंच्या तोंडावर ऐसे तेज आले की पागेच्या खिडकीतून आम्ही जिची कीव केली ती हीच काय, ऐसे वाटले. त्यांनी कळशी अर्धी ओतली. पाणी फरशीवर पसरले, ताटाएवढे जाहले, आणि थांबले. सारजाबाई उभ्या राहिल्या. पाणी हालल्यावाचून पाय हालवावयाचा नाही. पाणी हालेना. सभा वाट पाहू लागली. मागील बाक, जो पारख्यांचा, तो कुजबुजला, "सुरुवात संथ आहे, पण दमदार आहे." सेवकास जपानच्या गृहस्थांवरून नुकतीच अक्कल आली होती, म्हणोन सेवकाने भारावोन 'वाहवा' म्हटले. पाण्यात आभाळ दिसत होते आणि सारजाबाईंचे दोन पाय दिसत होते. राणीसाहेबांनी दुभाषामार्फत विचारिले की, हे नृत्य केव्हा सुरू होते.

विसाजीपंत लगबगीने पुढे येवोन म्हणाले, "क्षमा असावी. अंगण अजून कोठेतरी वाकडे राहिले असेल. पाणसळ आणवितो."

तेव्हा सारजाबाईंनी मान वर केली आणि ज्या आवाजाने त्या पागेतील घोडे हाकलीत त्या आवाजाने बोलिल्या, "वाकडं असतं तर पानी हाललं नसतं व्हय? अवो पंत, अंगन सरळ केलंसा, म्हनून नाचता येईना!"

क्षणभर कोणास काही कळेना, आणि मग सगळा दरबार हसत सुटला. आम्ही सुनांस, लेकींस, आल्यागेल्यास जी म्हण टोमणा म्हणोन मारीत आलो ती बाईंनी उलटी करोन आमच्याच पदरात टाकिली होती. दुभाषाने सांगितल्यावर पाहुणेही हसले. सेवक तर गुडघ्यांवर थापा मारोन हसला, आणि हसता हसता सेवकाने सारजाबाईंकडे पाहिले. त्या हसत नव्हत्या. त्या खाली बसल्या होत्या, पाण्याच्या थारोळ्याशेजारी, आणि लुगड्याच्या पदराने ते पाणी पुसू लागल्या होत्या, जसे आपल्या हातून पाहुण्याच्या घरी काही सांडावे. ते पाहोन थाप मारावयास उचललेला हात सेवकाने खाली घेतला. वाईट वाटले, आणि ते वाटणे अद्याप गेले नाही.

पंतांनी संधी साधोन बॅलेवालीस हाताने खूण केली. ती बिचारी मर्यादशील, दोन पावले पुढे आली आणि थबकली. तितक्यात भिवरेने वाकोन कळशी उचलली, हालवोन पाहिली, आणि म्हणाली, "मावशी, पानी हाय अजून." इतकेच बोलोन ती पागेच्या दरवाजाकडे चालू लागली. सारजाबाईंनी तिच्याकडे पाहिले, एक हात गुडघ्यास आणि एक भुईस देवोन उठल्या, आणि तिच्या मागे निघाल्या. दरबारचा नेम ऐसा की सभा उठल्यावाचून गादी हालत नाही. तरी श्रीमंत उठले. विसाजीपंत म्हणाले, "महाराज, सभा चालू आहे." श्रीमंत म्हणाले, "चालूच आहे, पंत. ती बघा, निघाली." आणि जोडे न घालता ते निघाले, आणि मग राणीसाहेब काठी टेकीत निघाल्या, आणि मग सगळे देश एकामागोमाग पागेच्या दरवाजातून बाहेर पडले, कथकलीच्या बुवांचा झगा दारात अडकला तो सेनापतींनी मागून ढकलोन काढिला.

गल्लीत घोड्यांचा वास, कडब्याची पाती, शेणाचे पो, आणि खाली धोबीघाटावर कपडे आपटण्याचा आवाज. श्रीमंतांस लाज वाटत असावी, कारण ते कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणोन भिंतीच्या कडेने थेट खाली जावोन घाटापाशी उभे राहिले, आणि सेवक त्यांच्या मागे, चाकरी म्हणोन. वर सारजाबाईंनी कळशी भिवरेकडून घेतली, थोडे पाणी ओतले, आणि पाणी चालू लागले. बाईंनी पाऊल उचलिले. सेवकास नाचातले कळत नाही हे आधीच लिहिले आहे. परंतु पाणी दगडास वळसा घाली तेव्हा बाईंची कमर वळे, पाणी खळग्यात भरावयास थांबे तेव्हा त्या एका पायावर थांबत आणि खळगा भरण्याची वाट पाहत, आणि भरोन पाणी ओसंडे तेव्हा दुसरा पाय पडे. पाणी त्यांस नेते की त्या पाण्यास नेतात हे सांगता येईना. वय कोठे गेले, गुडघे कोठे गेले! वाटेत धार मंदावे तेव्हा त्या नाचता नाचता कळशी कलती करीत. पिंपळापाशी गुडघा खरेच गेला. बाई वाकल्या, आणि पाणी पुढे निघाले. तेव्हा भिवरेने मागून येवोन त्यांच्या हातातील कळशीखाली हात धरिला, आणि कळशी उचलली गेली, आणि पाण्याचे आणि पावलाचे अंतर पडले नाही. सारजाबाई पिंपळाच्या पारावर टेकल्या आणि तेथून खालची बाजू भिवरा नाचली. राणीसाहेबांच्या लोकांतील कथकवालीचे घुंगरू आपोआप वाजू लागले होते, तिने वाकोन ते हाताने धरिले.

पाणी खाली आले. खाली श्रीमंत उभे. पाणी कोणाकडे येते हे सर्वांस दिसत होते. श्रीमंतांस एक पाऊल मागे सरता आले असते, आणि आम्ही सर्व शपथेवर म्हटले असते की पाणीच वाकडे आले. श्रीमंतांचा पाय उचलला गेला, हे सेवकाने पाहिले. मग तो पुन्हा त्याच जागी खाली ठेवला. पाणी अंगठ्यास लागले. वरून, पिंपळाच्या पारावरून, सारजाबाई ओरडल्या, "धनी, पान्याच्या म्होरं पळू नगा!" हेच वाक्य त्या पाडव्यास बोलिल्या होत्या, तेव्हा कोणी ऐकिले नव्हते. श्रीमंतांनी ऐकिले. त्यांनी कंबरपट्टा सैल केला, आणि चाळिशी ओलांडलेला तो राजा घाटाच्या उतारावर पाण्याच्या संगतीने नाचू लागला, अगदी सावकाश, अडत, वळत, जीभ दाताखाली धरोन. दोन पावलांचा नेम, ते पाचसात नाचले. आणि मग शेणाच्या पोवर पाय पडोन सपशेल आडवे जाहले. हे दुसरे पडणे.

पुन्हा सर्व चिडीचूप. धोबिणीचा हात वरच राहिला. विसाजीपंतांनी गल्लीच्या उताराकडे पाहिले, तोंड उघडिले, आणि "गल्ली..." इतकेच बोलिले. श्रीमंतांनी पडल्या पडल्या हात वर करोन त्यांस थांबविले आणि म्हणाले, "गल्ली वाकडीच आहे, पंत. पडलो मात्र आम्ही." आणि हसू लागले. मग वरून सारजाबाई हसल्या, तोंडास पदर न लावता, आणि मग काय, सगळी पृथ्वी हसली. तेव्हा धोबीण मोठ्याने 'वाहवा' म्हणाली, आणि ती इतकी नेमकी जागी पडली की सेवकाने मनातल्या मनात हुद्द्याचा राजीनामा लिहिला. इतक्यात आडव्या पडलेल्या श्रीमंतांस वळसा घालोन पाण्याची एक धार निघाली ती सेवकाच्या पायास लागली. नेम सर्वांस सारखा. सेवकाने मग काय केले ते लिहिण्याची आज्ञा नाही. आज्ञा श्रीमंतांच्या पडण्यापुरती आहे, आणि सेवक आज्ञाधारक.

सारांश, राज्याचा नाच ढाळ ऐसे ठरले, आंदण घेतले नाही, राणीसाहेब घाटावर काही वेळ पाण्यात पाय सोडोन बसल्या आणि संतोषाने पुढे गेल्या. अंगणाच्या फरशा उपटण्याचा हुकूम जाहला, आणि त्यासाठी अंगण वाकडे करण्याचे नवे खाते निघाले, प्रधान विसाजीपंतच, कारण अंगणाचा अनुभव त्यांसच. किती वाकडे केले असता बरोबर वाकडे होईल यावर अद्याप मसलत चालू आहे, तोंवर ढाळ गल्लीत होतो. भिवरा नाचते. सारजाबाईंचा गुडघा पुन्हा बरा जाहला नाही. त्या दरवेळी घाटापाशी उताराच्या अगदी शेवटी पाट टाकोन पाय पसरोन बसतात, जेथे पाणी आल्यावाचून राहत नाही, आणि पाणी पायास लागले की नेम म्हणोन बसल्या जागी दोन हात नाचवितात. येथवर पाणी आले, येथे लेखणी थांबली.